सोमवारी येणारं पत्र

पुण्याहून परत येऊन मला आठ दिवस झाले आणि एवढ्यात निदान तीस जणांनी विचारलं, की पुण्यात काय काय पाहिलं. शनिवारवाडा पाहिला का? नाही. पर्वती? लांबून. मेट्रोत बसलात का? राहिलं. मग इतके दिवस केलंत तरी काय? प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून माझा घसा बसला, म्हणून शेवटी लिहायला बसलो आहे. आमच्या बार्शीकडच्या ज्या मंडळींना पुण्याला जायचं जमलं नाही, त्यांनी हे वाचावं. यात पुणं थोडं आहे. बाकी एका घराची दगडी पायरी आहे आणि तिच्यावर बसलेली पाच वर्षांची एक मुलगी आहे.

माझ्याबद्दल थोडंसं. छत्तीस वर्षं मी पोस्टमन होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. एकही पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाही, असं मी भेटेल त्याला सांगत असे. आता सांगत नाही. का, ते लगेचच कळेल.

गुरुवार, हडपसर

आमच्याकडून पुण्याला येताना लोणी काळभोरपर्यंत दोन्ही बाजूंना अधूनमधून ऊस दिसतो. हडपसर आलं की ऊस संपतो आणि माणसं लागतात. मनोरमा, म्हणजे माझी बायको, मांडीवर कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचं बोचकं धरून बसली होती. पुण्यात भाकरी मिळत नाही अशी तिची ठाम समजूत आहे. बसमधून उतरून रिक्षावाल्याला मी पूर्ण पत्ता सांगितला, अगदी पिनकोडसकट. तो म्हणाला, “काका, लोकेशन पाठवा ना.” सगळी नोकरी पत्त्यांवर काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

आमची एकुलती एक मुलगी रूथ आणि जावई प्रकाश हडपसरला राहतात. तो आयटी पार्कमध्ये आहे, ती शाळेत शिकवते. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं आणि वाट पाहायला लागले. या दिवाळीनंतर निरोप आला. मुलीचं नाव तनू. ती स्वारगेटच्या अलीकडे एका संस्थेत राहत होती. कागदपत्रं झाली, तपासण्या झाल्या. राहिली होती ती फक्त तनू.

“बाबा, ती माझ्या हातून जेवते,” रूथ सांगत होती. “प्रकाशच्या पाठीवर बसते. पण घरी येतेस का म्हटलं की मान हलवते. नाही म्हणजे नाही.”

कारण साधं होतं आणि वाईट होतं. मागच्या वर्षी एक जोडपं तिला भेटायला येत होतं. खाऊ, खेळणी, सगळं झालं. एके दिवशी “येतो हं” म्हणून ते गेले ते पुन्हा आलेच नाहीत. तनू तीन दिवस पायरीवरून हलली नव्हती म्हणे. आता संस्थेच्या अधीक्षक लेलेबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की सोमवारी मुलगी आपणहून निघाली तर आनंद आहे. नाही निघाली तर आपण सगळेच थांबू, आणि किती ते मला माहीत नाही.

“म्हणून उद्या निघताना ‘येतो’ म्हणू नका, बाबा,” रूथने बजावलं. “तो शब्द ऐकला की ती तोंड फिरवते.”

जेवताना मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, देवाने दिलेला शब्द आहे ना तुझ्याकडे? आमच्याकडची रीत इथे सांगायला हवी. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पितळी ताटात बायबलातल्या वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक उचलायची. जे बाहेरगावी आहेत त्यांची आईबापांनी उचलायची. पाळकसाहेब चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने नाव लिहून देतात. त्या वर्षापुरता तो देवाचा आपल्याला दिलेला शब्द, असं मानून माणसं ती चिठ्ठी जपतात. जानेवारीत रूथची चिठ्ठी मी स्वतः टपालात टाकली होती.

“तिच्या जोरावर तर वर्ष काढलं,” रूथ हसून म्हणाली. “पहिल्यांदा वाचली तेव्हा रडलेच. तू आपली नातवंडं पाहशील, असं आहे तिच्यात. म्हटलं, देवा, मधलं लेकरू गाळून एकदम नातवंडं? मग विचार केला, नातवंडं यायची तर लेकरू आधी यायलाच हवं. देवाने पुढचंसुद्धा धरलंय.”

माझा घास तोंडातच राहिला. उठून पिशवीतली डायरी काढली. माझी म्हणून वर्षभर सांभाळलेली चिठ्ठी त्यात होती. हातांच्या कामाला यश मिळेल, अशा अर्थाची. पेन्शनीतल्या माणसाच्या हातांना आता कसलं काम, असं मला वाटलं होतं. पण देवाचा शब्द म्हणून मी परसात वांगी लावली, आणि वांगी आली पण होती, अगदी नको म्हणण्याइतकी. ती चिठ्ठी मी आता पहिल्यांदा उलटी केली. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: रूथ.

रूथने आरशाला चिकटवलेली चिठ्ठी अलगद सोडवली. तिच्या मागे माझं नाव होतं.

“छत्तीस वर्षं गावाची पत्रं पोचवली,” मनोरमा म्हणाली, “आणि घरातलं एक पाकीट धड पोचवता आलं नाही!”

प्रकाश हसला, रूथ हसली, मीही हसलो. मग रूथ हसायची थांबली. चिठ्ठी पुन्हा आरशाला लावताना ती हळूच म्हणाली, “म्हणजे हा शब्द मला नव्हताच.”

शुक्रवार, स्वारगेटच्या अलीकडे

संस्थेचं घर जुनं, बैठं, समोर चिंचेचं झाड. लेलेबाई सत्तरीच्या, ताठ. मी उभाच राहिलो होतो तर म्हणाल्या, “बसा. खुर्ची पाहण्यासाठी ठेवलेली नाही.” आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे आधी तंबी मिळते आणि मग पाणी मिळतं, पण ते माठातलं, वाळा घातलेलं असतं. मला बाई आवडल्या.

तनू पायरीवर चिंचोके मांडून बसली होती. दोन घट्ट वेण्या, एका गुडघ्याला खरचटलेलं. रूथ आणि प्रकाशकडे पाहून ती थोडीशी हसली. माझ्याकडे मात्र निरखून पाहिलं.

“तुम्ही कोण?”

“रूथचे बाबा. मी पोस्टमन होतो.”

“मग माझं पत्र आणलं?”

मी सटपटलो. असा प्रश्न मला नोकरीत हजारदा विचारला गेला आहे आणि त्याचं एक ठरीव उत्तर माझ्या जिभेवर असे. माझ्या बीटवर, म्हणजे पत्रं वाटायच्या हद्दीत, एक म्हातारी रोज ओट्यावर बसून मुलाच्या पत्राची वाट पाहायची. मी सायकलवरून पायसुद्धा न टेकवता म्हणायचो, “उद्या येईल, आजी.” ते पत्र कधीच आलं नाही. ती वारली त्या दिवशीही मी त्याच गल्लीत होतो. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. या पायरीजवळ मात्र वाटलं, आणि खूप वाटलं. मी काहीबाही बोलून विषय बदलला, चिंचोक्यांत एक डाव हरलो, दुसरा मुद्दाम न हरताही हरलो.

निघायची वेळ झाली. चपला घातल्या, आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून गेलंच, “बरं तनू, येतो आम्ही.”

दुसरं म्हणणार तरी काय? आपल्या माणसाच्या तोंडून निरोप घेताना ‘जातो’ निघतच नाही. पण तनूने चिंचोके मुठीत गोळा केले आणि भिंतीकडे तोंड केलं. रूथचा चेहरा उतरला. त्या घाबरगुंडीत मी म्हणून गेलो, “सोमवारी येतो. बरोबर अकरा वाजता. आणि सोमवारी तुझं पत्र येईल. तुझ्या नावाचं, टपालाने.”

तनूने मान वळवली नाही. पण तिचे कान ऐकत होते, हे मला कळलं.

फाटकापाशी लेलेबाई म्हणाल्या, “आपण पोस्टमन होतात, तेव्हा शब्द कसा द्यावा हे मी काय सांगणार. नाही आलं पत्र, तर मला फोन करून कारणं सांगू नका. मी तिच्यापाशी बसलेली असेन.”

शनिवार, हडपसर

सकाळी उठून पत्र लिहिलं. चार ओळींना दीड तास लागला. मोठं अक्षर, सुटसुटीत. प्रकाश म्हणाला, “बाबा, टेन्शन कशाला? हातानेच देऊ ना. सिंपल.” त्यावर मनोरमा म्हणाली, “हातात दिलं तर ते पत्र कसलं? तिला टपालाने येईल असं सांगितलंय.”

टपाल कचेरीत स्पीड पोस्टच्या खिडकीवरचे गृहस्थ पत्ता वाचून म्हणाले, “आजोबा, हे इथून बसने तासाभरात देऊन याल.”

“द्यायचं नाहीये. पाठवायचंय.”

“उद्या रविवार आहे, ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक नसेल तर कोणाला? शिक्का मारण्यापासून पिशवी भरण्यापर्यंत पत्र कुठे कुठे अडतं, हे मला तोंडपाठ. पिशवी चुकते, गाडी पंक्चर होते, बीटवरचा माणूस रजेवर जातो. सामान्य माणूस पत्र टाकतो आणि निर्धास्त झोपतो. माझं ज्ञानच मला छळायला लागलं. म्हणून घरी येऊन, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, मी त्याच पत्राची दुसरी प्रत काढली. तसंच पाकीट, तसंच अक्षर. एका जुन्या पाकिटावरचं शिक्का बसलेलं तिकीटही वाफेवर सोडवून त्यावर चिकटवलं. सोमवारी खरं पत्र नाही आलं तर हे पुढे करायचं. फसवणूक होती, पण मुलीच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला समजावलं. पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

रविवार, लोणी काळभोर

सकाळी रूथच्या देवळात उपासना झाली. आमच्याकडे पेटी आणि तबला असतो, इथे गिटार आणि ड्रम. पहिली दोन गायनं माझ्या डोक्यावरून गेली, तिसऱ्याला मी टाळ्या वाजवत होतो. मागून प्रीतिभोजन होतं. पुण्याच्या मटणात खोबरं जास्त आणि तिखट कमी. मनोरमाने पाळकबाईंना शेंगांची चटणी वाढली आणि पाळकबाई तीन ग्लास पाणी प्यायल्या.

दुपारी त्याच देवळाच्या मंडळीतल्या शांताबाईंनी आम्हाला लोणी काळभोरला मळ्यात नेलं. त्या साठीच्या, कष्टाने रापलेल्या, आवाज चारी बांधांवर ऐकू जाईल असा. सीताफळाचा हंगाम सरत आला होता, तरी त्यांनी झाडावर राखून ठेवलेली चार मोठी फळं आम्हाला दिली. खाताना हात भरले, म्हणून रुमाल काढायला मी खिशात हात घातला आणि पाकीट मनोरमाच्या पायाशी पडलं.

तिने उचललं, पत्ता वाचला, तिकीट पाहिलं. “अहो, हे तर काल टाकलंत ना?”

मी खरं ते सांगून टाकलं. मनोरमा म्हणाली, “म्हणजे तिला आणखी एकदा फसवायचं? आधीच्या जोडप्याने निदान खोटं पत्र तरी दिलं नव्हतं.”

शांताबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळं विचारून घेतलं. पत्राचं झालं, मग रूथने चिठ्ठ्यांचंही सांगितलं. “मावशी, वर्षभर मी दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवून बसले होते.”

शांताबाईंनी सीताफळाच्या बिया थुंकल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तुमास्नी दुसरं लेकरू हाय का?”

“नाही. ही एकच.”

“मग अडचण काय हाय, बाई?” त्या रूथला म्हणाल्या. “देवानं तुझ्या बापाला नातवंडं दावतो म्हनून सांगितलंय. बापाला लेक एकच. मग त्यो देनार कुनाच्या हातनं? तुझ्याच की! आं? चिठ्ठी बापाची हाय, पर तिच्यातलं काम तुझं हाय. ती आरशाला लावली तेच बरं केलंस.”

रूथ त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग रडायला आणि हसायला एकदमच लागली. अकरा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरून आले आणि मी ते मुळीच लपवले नाहीत.

चुलीवर चहा उकळत होता. शांताबाईंनी पाकिटाकडे बोट केलं. “आन् ह्याचं काय करायचं?”

मी ते चुलीत घातलं. छत्तीस वर्षांच्या अनुभवाचा जाळ पाहत मी मनात म्हटलं, प्रभू, आता पिशवीही तुझी आणि बीटही तुझं.

सोमवार, पायरी

रूथ आणि प्रकाश शेवटच्या सह्यांसाठी सकाळी लवकर गेले. आम्ही दोघं पावणेदहाला बसमध्ये बसलो. सव्वा तास म्हणजे चिकार, असं मी धरलं होतं. पुलगेटच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी खोदकाम होतं. दहा पन्नास झाले, अकरा झाले. आत गेल्यावर फोन बंद ठेवायचा असा लेलेबाईंचा नियम होता, त्यामुळे रूथचाही लागेना. कंडक्टरला मी तिसऱ्यांदा विचारलं, किती वेळ लागेल हो? तो म्हणाला, “काका, मला ठाऊक असतं तर मी इथे असतो का?”

आम्ही उतरून चालायला लागलो. शंभर पावलांवर मनोरमाच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि म्हणाली, “चला, बघता काय?” पुण्याच्या भर रस्त्यात आम्ही दोघं असे निघालो, एक अनवाणी आणि एक घामाघूम. सदऱ्याचा आतला खिसा रिकामा होता. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेल्या दोन वेण्या येत होत्या. येतो म्हणाला आणि आला नाही, अशा माणसांत आता माझीही गणना होणार होती. रडकुंडीला येऊन मी प्रार्थना करत होतो, आणि तीही धड सुचत नव्हती. तू तरी पोच, तू तरी वेळेवर पोच, एवढंच म्हणत होतो.

फाटकाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

तनू पायरीवर बसली होती. शेजारी लेलेबाई. तनूच्या मांडीवर पाकीट होतं, न फोडलेलं. त्यावर दोन्ही हात ठेवून ती ताठ बसली होती.

“पत्र आलं,” ती मला म्हणाली. “तुम्ही उशीर केला.”

“चुकलो गं,” मी म्हणालो.

“पोस्टमनकाकांनी विचारलं, तनू कोण? मी म्हटलं, मी. त्यांनी माझी सही घेतली.” तिने हवेत बोटाने एक लांब रेघ ओढून दाखवली.

“अकरा वीसला आले,” लेलेबाई म्हणाल्या. “नोकरीतले पोस्टमन वेळ पाळतात. निवृत्त झाल्यावर बिघडत असावेत.”

त्या क्षणी इतका आनंद झाला की मी धपकन पायरीवरच बसलो. शब्द मी दिला होता आणि तो पाळायला मी तिथे नव्हतो. तरी पाळला गेला होता. मी रस्त्यात अडकलो होतो तेव्हाही देव अडकला नव्हता. इतकी वर्षं देवळात ऐकलेली गोष्ट मला त्या दगडावर बसून पटली.

“वाचा ना,” तनू म्हणाली. तिने पत्र कोणालाच फोडू दिलं नव्हतं. मी येणार म्हणून ठेवलं होतं. मी वाचलं:

“तनू, हे पत्र तुझं आहे. वर तुझं नाव आहे. हडपसरला एक घर आहे, तिथल्या खिडकीतून बसगाड्या दिसतात. तिथे दोघं जण चार वर्षं तुझी वाट पाहत आहेत. तू म्हणशील तेव्हा ये. ते जागचे हलणार नाहीत. तुझे आजोबा.”

“चार वर्षं?” तिने विचारलं. “मी तीन दिवस बसले होते.”

“हो. त्यांनी चार वर्षं वाट पाहिली.”

तनूने बराच विचार केला. मग पत्राची घडी घातली आणि आत गेली. रूथ दारात उभी होती, प्रकाशचा हात घट्ट धरून. तनू कापडी पिशवी आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन बाहेर आली, पायरीवर बसून सँडलचे पट्टे स्वतः लावले, उजवा-डावा उलटा. उभी राहून तिने रूथचं बोट धरलं.

“चला,” ती म्हणाली. “खिडकी दाखवा.”

लेलेबाई चष्मा पुसायला लागल्या. “पुण्यात धूळ फार झाली आहे हल्ली,” त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या.

मंगळवार, परतीची वाट

तनूने सकाळी आरशाला चिठ्ठीशेजारी आपलं पत्र चिकटवलं. आता रूथला आरशात फक्त अर्धा चेहरा दिसतो, पण तिची तक्रार नाही. तनूने आमची कडक भाकरी चहात बुडवून खाल्ली, तेव्हा मनोरमाला जग जिंकल्यासारखं झालं.

अकराच्या बसला निघायचं होतं. मी चपला घातल्या आणि दारात घुटमळलो. ‘जातो’ म्हणवेना, ‘येतो’ म्हणायची भीती वाटत होती. नाताळाला आम्ही पुन्हा येणारच होतो. शेवटी धीर करून म्हणालो, “तनू, नाताळाला येतो.”

तनू खिडकीत बस मोजत उभी होती. तिने मान वळवली, पण भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

“या,” ती म्हणाली. “दहा वाजता या म्हणजे अकराला याल.”